मागच्या भेटीबद्दल

३ जून, बुधवार

दुपारच्या बोटीने एकदाची पोचले. सोबत दोन सुटकेसा, शिवणयंत्र आणि आईची कॉफीची किटली. धक्क्यावर सामान उतरवायला एकही माणूस पुढे आला नाही, पण सगळ्यांनी मला नीट निरखून घेतलं. घर छोटंसं, पिवळं, वृद्धाश्रमापासून हाकेच्या अंतरावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली फ्योर्डची अरुंद खाडी दिसते आणि मान वाकडी केली की वर टाउसाचा डोंगर. टाउसा म्हणजे मुकी. वारा दिवसभर तिच्या अंगाखांद्यावर बोंबलत असतो, तरी गावाने तिला मुकी का म्हणावं कोण जाणे.

सगळ्यात आधी लेकीची, हेगेची खोली लावली. शाळा सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये ती येणार. थोडे दिवस राहून बघणार आणि मग ठरवणार, माझ्याकडे राहायचं की बापाकडे ऑस्लोला परत जायचं. तिची वेणी घालून मला दोन वर्षं झाली. फोनवर तिला म्हटलं, आलीस की टाउसावर नेते, नक्की. ती म्हणाली, तू आधी धाप न लागता जिना चढून दाखव. पोरगी माझ्यावरच गेली आहे. आज मी फार खूश आहे.

८ जून, सोमवार

वृद्धाश्रमातल्या कामावर रुळले. स्वयंपाकीण बोर्गहिल बोलकी आहे, बाकी गाव अबोल. रस्त्यात कुणी मान वर करत नाही. बोर्गहिल म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस गं. इथे पहिली दहा वर्षं कुणी हूं की चूं करत नाही, अकराव्या वर्षी हवेबद्दल बोलतात. डोंगरावर जा, तिथे हेच लोक गळ्यात पडतील." खरंच आहे ते. जिन्यात शेजारी भेटू नये म्हणून दाराआड उभे राहणारे आपण या देशातले लोक, झाडं संपून उघडा डोंगर लागला की दिसेल त्याची विचारपूस करतो.

कोपऱ्यातल्या खोलीत पेडर म्हणून नव्वदीचा एक म्हातारा आहे. मी टाउसावर जाणार म्हटल्यावर त्याने माझं मनगटच धरलं. म्हणाला, वर एखाद्या अनोळखी बाईने मागच्या भेटीबद्दल आभार मानले, तर उलट आभार मानायचे नाहीत. मानले की ती भेट झाली असं ठरतं. मग ती आपण बनून खाली जाते आणि आपण वर राहतो. त्याची बायको यूडित तरुणपणी वर गेली, आणि खाली आली ती तिचं रूप घेऊन भलतीच कुणी. मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? "काय करणार, पोरी? संसार केला. स्वयंपाक बरा करायची." मला हसू आवरेना. बोर्गहिलला सांगितलं, तर ती हसली नाही, बटाटे सोलत राहिली.

पुन्हा भेटल्यावर मागच्या भेटीचे आभार मानणं, ऐकणाऱ्याने लगेच ते परत करणं, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. ज्याला सुचत नाही त्याला घरचं वळण नाही असं म्हणतात. हेगेला तर मी ते बोबड्या वयातच शिकवलं होतं.

१४ जून, रविवार

टाउसाची वाट छोटी, पण खमकी. चर्चमागून निघते आणि वळण वगैरे न घेता सरळ नाकासमोर चढत सुटते. आधी बर्चची झाडं, मुळांच्या पायऱ्या, काळा चिखल. मग झाडं संपतात, आणि ओला कातळ लागतो. त्याच्या वरच्या अंगाला लोखंडी साखळ्या ठोकल्यात, त्या धरून स्वतःला वर ओढायचं. उजवीकडे बघायचं नाही, तिकडे थेट फ्योर्डच आहे.

कातळाशी एक बाई भेटली. हिरवं, फार जुन्या पद्धतीचं जाकीट, वय माझ्याहून कमी. तोंडात तिने स्वतःचा लोकरी हातमोजा कोंबला होता. डोळे भरलेले. मला वाटलं, दात दुखत असावा. काही विचारणार इतक्यात तो मोजा गळून पडला आणि ती म्हणाली, "मागच्या भेटीबद्दल आभार."

मी म्हटलं, "तुमचेही."

जीभ डोक्याच्या आधी पळाली. पेडरचं सगळं बोलणं नंतर आठवलं, हसू आलं. ती बाई हुंदका देऊन माझ्या बाजूने खाली पळत गेली. माथ्यावर वाफल खाल्लं, कॉफी प्यायले. वरून माझं पिवळं घर दिसत होतं. स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. विझवायला विसरले असेन.

१८ जून

रविवारपासून माझ्याशी कुणीच बोललेलं नाही. आधी वाटलं, गावच असं. बोर्गहिलही बोलेना, तेव्हा वाटलं माझं काही चुकलं.

आज कॉफीच्या वेळी माझ्या खुर्चीत कातळापाशी भेटलेली ती बाई बसली होती. माझा निळा स्वेटर घालून. बोर्गहिलने तिला टूरिड म्हणून हाक मारली. टूरिड मी आहे. मी बोर्गहिलच्या तोंडासमोर हात हलवला, आणि ती माझ्या आरपार बघत साखर शोधत राहिली.

नंतर ती बाई पेडरच्या उशाशी गेली. त्याचा हात हातात घेतला. पेडरने मला पाहिलं, फक्त त्याने. म्हणाला, "माफ कर, पोरी. ही माझी यूडित आहे." मग भिंतीकडे तोंड करून रडत राहिला.

२१ जून

हेगेचा फोन आला. यूडितने उचलला, माझ्या आवाजात बोलली. मी रिसिव्हरशी तोंड नेऊन ओरडले. हेगेने पलीकडून विचारलं, तिकडे वारा फार आहे का?

२ जुलै

झोपते माझ्या घरात. जाग येते ती कातळावर. आज उतरताना बर्चच्या पहिल्या झाडापाशी पाय थांबले. हलेचनात. पलीकडे पायवाट दिसते, चर्चचं छप्पर दिसतं. दिवसभर प्रयत्न केला. रोजनिशी आणि पेन्सिल पाठीवरच्या पिशवीत होती म्हणून, नाहीतर वेड लागलं असतं.

भूक लागत नाही. याचीच जास्त भीती वाटते.

२६ जुलै

घोळक्याने वर येणाऱ्यांना मी दिसते. हसून विचारतात, चढ कसा आहे, म्हणून. मला उत्तर देता येत नाही, तोंडातून काही येतच नाही.

आज बोर्गहिल आली, बेरी वेचायला. एकटी बाई समोर आली आणि तोंड आपोआप उघडलं. "मागच्या भेटीबद्दल आभार." मी म्हणाले नाही ते. ते आलं. यूडितने मोजा का कोंबला होता ते कळलं.

बोर्गहिल जागीच थबकली. मान खाली घालून म्हणाली, "मला नातवंडं आहेत गं." डबा तिथेच टाकून गेली.

८ ऑगस्ट

बोट लागली. लाल टोपी — हेगे. उंच झाली आहे.

यूडित धक्क्यावर गेली होती. मिठी मारली. संध्याकाळी अंगणात बसून तिची वेणी घातली. मी वरून पाहिलं. वाईट घातली नाही, तेच सोसवत नाही.

तिने इथे राहू नये. बापाकडे जावं. देवा, तिला ऑस्लोला जाऊ दे.

११ ऑगस्ट

अंगणात भांडण. हेगे हात करून डोंगर दाखवत होती. यूडित नाही नाही म्हणत होती. ती परत वर येणार नाही, कधीच —

वचन मी दिलं होतं.

लाल टोपी चर्चमागे. एकटीच.

दगड लोटून वाट अडवायला गेले. हात दगडाला लागत नाहीत. वर माथ्यापर्यंत पळत गेले, पाय परत इथेच, कातळाशी —

मोजा कोंबला. दोन्ही कोंबले. वरून स्कार्फ घट्ट बांधला. आवाज येणार नाही. लिहीत राहायचं. हात कामात असला की मोजे ओढणार नाही.

ती बर्चमधून बाहेर आली. धापा टाकते आहे. मला पाहिलं. माझी पोर — तिने ओळखलं. आई म्हणते आहे. आई, तू माझ्या आधी कशी वर आलीस?

तोंड बंद आहे. बंदच आहे. ती रडते आहे, हसते आहे, आई बोलत का नाहीस, काय लिहितेस — खाली बसली, वहीवर वाकली, तिची वेणी माझ्या हातावर — वाचू नकोस — मला थांबवता येत नाही, हे मी लिहीत नाही, हात आपोआप

मागच्या भेटीबद्दल आभा