दिवटीचा मान

२८ मार्च
देवळात यात्रा कमिटीची मीटिंग. वर्गणी, तमाशा की ऑर्केस्ट्रा, नेहमीचा गोंधळ. मग विक्रम उठला. माझाच पुतण्या, यंदाचा अध्यक्ष. "पालखीपुढं दिवटी यंदा मुलाण्यानं धरायची न्हाई." पिढ्यान् पिढ्या हा मान मुलाण्यांच्या घराचा, आता बाबूभाईंचा. म्हातारे माझ्याकडे बघायला लागले. गावची पोलीस पाटील ना मी! म्हटलं, बघते. काय बघते, कपाळ.

३१ मार्च
विक्रमला घरी बोलावून झापलं. "बाबूभाईंच्याच गॅरेजात पडीक असायचास ना रे? गाडी चालवायला कुणी शिकवलं?" तर म्हणतो, "त्यो वेगळा विषय हाय, काकू. पोरं ऐकायची न्हाईत. राडा झाला तर मला म्हणू नका." धमकी की काळजी, कळेना. त्याच्यासोबत कंपनीतली चार टाळकी आणि दिवसभर तो मोबाईल.
चाकणला पो.स्टे.ला सांगावं का? साहेब नवीन. उगाच गावाचं नाव खराब. नको.

३ एप्रिल
गॅरेजवर गेले. बाबूभाई स्कूटरचं चाक खोलून बसलेले. मी अर्धंच बोलले. यंदाच्या वर्षापुरतं, गावात शांतता राहावी म्हणून...
त्यांनी हात पुसले. "तुमी म्हणताय ना वहिनी? मग झालं." वर चहा मागवला माझ्यासाठी.
इतकं सोपं जाईल वाटलं नव्हतं. सुटले बाई, असंच वाटलं. खोटं कशाला लिहू.

१० एप्रिल
यात्रा पार पडली. दिवटी विक्रमनं धरली. धरता येते का त्याला! तेल सगळं सदऱ्यावर.
पालखीची वाट बाबूभाईंच्या दारावरून. त्यांची बायको हसीनाभाभी दरवर्षी भोयांच्या पायांवर पाणी घालते. यंदा दाराला आतून कडी. पालखी थांबली नाही. मी थांबले, पण हाक मारायचं धाडस झालं नाही. जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
पो.स्टे.ला शांतता समितीची बैठक. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, पाटीलबाईंच्या गावात काही म्हणजे काही झालं नाही. टाळ्या. चहाच्या वेळी हळूच खरं ते सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. "आधी का नाही आलात? दम देणाऱ्यांना नोटीस काढली असती, बंदोबस्त दिला असता. त्यांचा हक्क राखायला तर आम्ही बसलोय. तुम्ही राडा करणाऱ्यांना सोडून त्यांनाच घरी बसवलंत."
लाज वाटली. मेली लाज, तीही उशिरानं आली.

१५ एप्रिल
म्हाताऱ्यांच्या मागे लागून गावकी बोलावायला लावली. म्हटलं, मान गावकीनं दिलेला, कमिटी कोण काढून घेणारी? रविवारी बसायचं ठरलंय. विक्रमलाही बजावलं. फुरंगटलाय. फुरंगटू दे.

१७ एप्रिल
बाबूभाईंच्या घरी निरोप घेऊन गेले. भाभीनं पाणी दिलं. एरवी "सुमन, बस गं" म्हणते, आज शब्द नाही. मी घाईघाईनं सांगून टाकलं: रविवारी गावकी आहे, पुढच्या यात्रेत दिवटी तुमचीच, साहेब बंदोबस्तही देतील.
"पोलिसांच्या गराड्यात धरू व्हय दिवटी?" बाबूभाईंनी विचारलं.
म्हटलं, पोलीस नकोत तर नकोत, गाव उभं राहील. मी राहीन.
मग म्हणाले, "ती पोरं आली असती ना वहिनी, तर भांडलो असतो. माझा मान हाय, सोडत न्हाई म्हणालो असतो. तुमी आला."
मला रडूच कोसळलं. माफ करा म्हटलं. रविवारी याल ना, विचारलं. हो नाही की नाही नाही.

१९ एप्रिल, रविवार
देवळापुढं सतरंज्या टाकून झाल्या. विक्रम आलाय, लांब उभा आहे.
गावकीत आधी मीच उठणार. कमिटीनं काय केलं ते नंतर, पाटीलबाईनं काय केलं ते आधी सांगणार. ते आले तर त्यांच्यासमोर, नाही आले तरी.
आत्ताच गॅरेजवरून आले. रविवार असून उघडं आहे. बाबूभाई कुणाचीतरी गाडी खोलून बसलेत. मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा पाना हातात घेतला.