नऊ फासे

रविवार, ४ मे

पाच फासे! पाच! तळपायाची आग मस्तकात गेलीय.

दादाच्या घरी रविवारचा खेळ रंगात आला होता आणि दादाने घसा खाकरला. गोष्ट तो रचतो, राक्षसही तोच होतो; आम्ही तिघं एकेक पात्र घेऊन फाशांवर लढतो. "आजपासून आगगोळ्याचे पाचच फासे. लेव्हल कितीही असो." का? तर म्हणे तोल बिघडतो. कसला डोंबलाचा तोल!

आगगोळ्याच्या मंत्राचा नियम साधा आहे. मांत्रिकाची जेवढी लेव्हल, तेवढे फासे टाकायचे आणि बेरजेइतकी जखम समोरच्याला. माझी म्हातारी मांत्रिक दोन वर्षं रखडत नवव्या लेव्हलला पोचली. पहिल्या लेव्हलला तिच्याकडे होता एक फुसका मंत्र, तोही दिवसातून एकदा. तो संपला की बैलगाडीमागे लपायचं. आमच्यातला दातांचा डॉक्टर खेळात योद्धा, तो तलवार परजत मुंडकी उडवायचा आणि विचारायचा, "आजीबाई, आहात ना?" सगळं हसून घेतलं. का? कारण दादाच म्हणाला होता, "थांब गं, मांत्रिकाचे दिवस शेवटी येतात." आले दिवस. शेवटचा शत्रू, राखेचा राजा, समोर उभा आहे, आणि आता तोंडाला पानं पुसतो!

सोमवार, ५ मे

दुकानात काच घासत होते. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, चष्मा माझा आहे. राग कोणाचा काढताय?"

गुरुवार, ८ मे

दादाला फोन केला. गोड बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

"अगं, नऊ फासे दिले तर राजा एका फेरीत मरेल."

"मरू दे की! त्यासाठीच दोन वर्षं घासतोय."

"मग संपलं ना सगळं."

"संपू दे!" म्हणून फोन आपटला. लहानपणी हरायला लागला की पट उधळायचा. आता पन्नाशीला आला तरी तेच. नियम काय याच्या घरचे आहेत?

रविवार, ११ मे

पाच फाशांची बेरीज सोळा. राजा हसला म्हणे! वर भिंतीतून चोरदरवाजा निघाला आणि राजा पसार. तिसऱ्यांदा! या किल्ल्यात भिंती कमी आणि दरवाजेच जास्त.

शेवटी डॉक्टरही म्हणाला, "हे काही बरोबर नाही हं." मी उठलेच. म्हटलं, "पुढच्या रविवारी नऊ फासे, नाहीतर मी येणार नाही." ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरीणबाई खेळात आमच्या चोर. त्या म्हणाल्या, "मग मीही नाही."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "बरं बाई. नऊ घे. पण या."

जिंकले. तरी डोकं शांत नाही. चहासुद्धा कागदी कपात दिला त्याने, आणि सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. वहिनी हल्ली दिसतच नाही. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिकडेच असते.

बुधवार, १४ मे

आज वहिनीला फोन केला. आईचा गुडघा कसा आहे, एवढंच विचारायचं होतं.

"कसलं ऑपरेशन? मी फेब्रुवारीतच घर सोडलंय. परत नाही येणार. त्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

फेब्रुवारी! तीन महिने दर रविवारी आम्ही त्या घरात बसलो, फाशांवरून भांडलो, त्याचा चहा प्यायलो. आणि हा माणूस शेजारी बसून राक्षसांचे आवाज काढत होता! सख्ख्या बहिणीला एक शब्द सांगवत नाही? इतकी परकी झाले मी? जाऊन कान उपटावेसे वाटतायत त्याचे. रडूही येतंय मेलं.

मास्तरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "राजा मेला की त्या घरात रविवारी कोण जाणार हो?"

रविवार, १८ मे

नऊ फासे टाकले. सदतीस. राजा जागच्या जागी मेला असता.

"एकोणीस," मी म्हणाले.

डॉक्टरने तोंड उघडलं. मास्तरीणबाईंनी टेबलाखालून त्याला लाथ घातली.

फासे उघडेच पडले होते. दादाने सगळे पाहिले, एकेक करून. मग माझ्याकडे पाहिलं.

"एकोणीस," तो म्हणाला. "अजून उभा आहे तो."