म्हणायला थायरॉइड

१२ जानेवारी
आधी आल्या अलकनंदा वन्सं, मागून बॅगा, त्याच्याही मागून त्यांचे विनायकराव! दरसाल संक्रांतीला ग्वाल्हेरहून येतात — पानिपतच्या काला अंबला फुलं वाहायची, मुक्काम दिल्लीत, आमच्या द्वारकेला. चप्पल काढायच्या आत, "सूनबाई कुठंय?"
म्हटलं, "पडलीय. थायरॉइड."
दोन वर्षं हेच सांगते. खरं तर चेतनाला डिप्रेशन. तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या झाल्या — पालथ्या घड्यावर पाणी! आता हॉस्पिटलात नव्या गोळीचा प्रयोग चाललाय, त्यात घेतलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताणाचं हार्मोन फार चढलंय, ते उतरवून बघू. गुण येईलच असं नाही. माझा लेक हेरंब जिन्यात बसून रडला. ह्यानंही नाही उतरलं तर पुढं काय?
हार्मोन उतरवायचं — आणि त्याच आठवड्यात वन्सं!

१३ जानेवारी
गूळपोळ्या केल्या. वन्संना चेतनाच्या गोळ्यांची डबी सापडलीच. "वहिनी, नाव नाही, नुसता नंबर! थायरॉइडची अशी असते होय?" सांगावं लागलं. मग काय! "कसली थेरं! मला तरी कुठं झोप लागते? उगाच रडू येतं. म्हणून गोळ्या खाते का मी?" चेतनाचं दार उघडंच होतं.
वन्संची पोळी मात्र ताटात तशीच. तूप कमी पडलं असेल.

१४ जानेवारी
वन्सं नि विनायकराव पानिपताहून परतले. नात रेवती तिळगूळ वाटत होती. "आजी, हलवा तो गाजरवाला ना?" दिल्लीचं पोर! तेवढ्यात चेतना बाहेर आली — आपणहून!
वन्संनी वडी पुढं केली. "घे, गोड बोल. मन घट्ट केलं की बिल्कुल ठीक होशील."
"आत्या, घट्ट मन तुमच्याकडेच राहू द्या. मला वडी द्या. दोन द्या."
अगं बाई! हो-नाहीच्या पुढं गेली! गोड नाही बोलली — पण बोलली! वन्सं फुगल्या नि मी त्यांच्यादेखत हसले. गुण गोळीचा की वन्संचा, डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

१५ जानेवारी
गेले. निघताना वन्सं चेतनाच्या खोलीत शिरल्या, दार लावलं. बाहेर माझा जीव टांगणीला — पोरीला पुन्हा खचवतात की काय! बाहेर आल्या त्या डोळे पुसत. चेतना म्हणाली, "काही नाही आई, गप्पा."

१८ जानेवारी
वन्संचा फोन. चेतनानं तिच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन दिलीय त्यांना. "वहिनी, ह्यांना थायरॉइड सांगितलंय. तुम्हीही तेच म्हणा."
बुधवारी येतायत.