पुढच्या चाकांची दोन कामं

बाबा, काल सावंगीहून येताना माझी गाडी वळणावर वळलीच नाही. स्टिअरिंग डावीकडे, चाकं डावीकडे, मी स्वतः निम्मी डावीकडे कललेली, आणि गाडी मात्र नाकासमोर सरळ. पावसाची बुरबुर होती, ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती. गाडी रस्त्याकडेच्या गवतात जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. मागच्या सीटवर आई होती, तिला दवाखान्यातून तपासून आणत होते. मी घाबरून मागे पाहिलं, तर ती चष्मा पुसत म्हणाली, "वांगे नाईत वाटते इथं." तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजायला नको, पण आज दुपारी आई झोपली आहे, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, म्हणून लिहायला बसले.

आता या रोगाला अंडरस्टीअर म्हणतात. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटते आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते. मोबाइलवर पोरं यावर तासतासभर बोलतात. तुमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "गाडी आयकत नाई." आणि या जगात तुमचं न ऐकणाऱ्या तेव्हा दोघीच होत्या, एक ती गाडी आणि दुसरी आई.

सुरुवात त्या नवसापासून करायला हवी. मी शाळेत असताना टायफॉइडनं अंथरुणाला खिळले आणि आईनं गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला नवस बोलला की पोरगी उठून बसली की पाया पडायला येईन. मी उठले, बसले, मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, आणि नवस तसाच. कारण तुम्ही म्हणालात, येस्टीच्या धक्क्यात कशाला जायचं, आपल्या गाडीनं नेतो, पुढच्या सीटवर बसवून नेतो. आपल्याकडे जीप होती, लष्कराच्या लिलावातली. पण आई म्हणायची की तिच्यात बसलं की माणसाची हाडं वेगळी आणि माणूस वेगळा पोचतो. मग तुम्ही त्या नव्या छोट्या गाडीसाठी नंबर लावलात. वर्षं गेली. आई मधूनमधून आठवण द्यायची, "पोरगी पुन्हा बिमार पडाची वाट पाहून राह्यले का?" तुम्ही म्हणायचात, येऊनच राह्यली गाडी. हिंगणघाटच्या आपल्या बी-बियाण्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक होतं की गाडी येणार आहे आणि बाई पुढं बसून गिरडला जाणार आहे.

गाडी आली ती पांढरी, साबणाच्या वडीएवढी. तिचं इंजिनही पुढं आणि ओढायचं कामही पुढच्याच चाकांना. तुम्हाला त्याचं काही पडलेलं नव्हतं, गाडी ती गाडी. श्रावणातली झड लागलेली. आई हिरवं इरकल नेसून, नारळाची पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसली, मी मागे. गावाबाहेरच्या वळणाशी तुम्ही जीपच्याच तोऱ्यात गेलात. वळणाच्या पलीकडं वाडीवाल्या काकांचा वांग्यांचा मळा, रस्त्यापासून हातभर खाली. गाडी अशी अलगद, सरळ, अजिबात भांडण न करता त्या मळ्यात उतरली की मला आधी वाटलं तुम्हाला वांगीच घ्यायची आहेत. तुम्ही स्टिअरिंग धरून बसलेले, ते अजूनही वळवत होतात. आईनं दार उघडलं, चिखलात उतरली, मोडलेल्या झाडांवरची वांगी एक एक तोडून पदरात घेतली आणि म्हणाली, "तुटलेच हायेत तं वाया काऊन घालवाचे?" मग पायी घरी गेली. संध्याकाळी भरीत वाढताना तिनं निकाल सांगितला. पुढच्या गुरुवारी शेजारच्या काकूंबरोबर ती येस्टीनं गिरडला जाणार. तुमच्या गाडीत ती पुन्हा बसणार नाही.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही नाकावर माशी बसू देणारे नव्हतात, पण त्या दिवशी भाकरीचा तुकडा हातातच राहिला. इतकी वर्षं ज्या एका फेरीसाठी थांबलात ती हातची जात होती. आणि हातात होता फक्त एक आठवडा.

दुसऱ्या दिवशी तुमचा इलाज सुरू झाला. जीपचा अनुभव दांडगा. पावसाळ्यात जीपच्या मागं सरकीच्या ढेपीची पोती टाकली की मागची चाकं माती धरत आणि जीप चिखलातून निघत असे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. म्हणून तुम्ही या गाडीच्या डिकीत ढेपीचं पोतं कोंबलंत. गाडी मागं बसली, नाक वर झालं, जशी काही आभाळ पाहायला निघाली. वळणाशी गेलात आणि आदल्या दिवशी पहिल्या वाफ्यात थांबलेली गाडी आज पार मधल्या वाफ्यापर्यंत गेली. संध्याकाळी पुन्हा वांगी. मग तुम्ही दुसरं पोतं टाकलंत, कारण तुमच्या मते पहिलं कमी पडलं होतं! मग टायरमधली हवा कमी केलीत, तेही जीपचंच शहाणपण. मग म्हणालात रस्ताच तिरपा बांधलाय. वाडीवाले काका एव्हाना शहाणे झाले होते. ते बांधावर छत्री घेऊन बसत आणि तुम्हाला पाहिलं की ओरडत, "भाऊ, जरा दम धरा, तेवढ्या ओळीतले तोडून घेतो." तुम्ही नुकसान भरून देत होतात आणि वांगीही घरी आणत होतात, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं. आपण मात्र भरीत, भरली वांगी, वांग्याची भाजी, पुन्हा भरीत असे फिरत होतो.

मी तेव्हा सायन्सला होते, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता. सोमवारी रात्रीच्या जेवणाला मी तुम्हाला सांगायला गेले की बाबा, जीपला मागची चाकं ढकलतात, हिला पुढची ओढतात, तुम्ही उलट्या टोकाला वजन टाकताय. तुम्ही ताटावरूनच डोळे वटारलेत. "तू मले गाडी शिकवून राह्यली?" आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान न वळवता विचारलं, "म्हंजे वढतात बी थेच, अन् वळतात बी थेच?"

"हो," मी म्हटलं.

"मंग मागचे दोघं काय करतात?"

"काही नाही. मागं मागं येतात."

तिनं एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "म्हंजे आपल्या घरासारखंच," ती म्हणाली. तुम्ही पाण्याचा पेला उचललात आणि उगाच बराच वेळ प्यायलात. तिनं भाकर उलटली. "अवो, तुमी वळणावर तिले म्हणता थांब, त्याच दमात म्हणता वळ, अन् लगेच म्हणता पळ. माह्यावानी एकटी हाये थे. तीन हुकूम एकदम सोडले तं मी बी सरळच जातो ना चुलीकडं. एका टायमाले एक काम सांगा तिले."

मंगळवारी तुम्ही पोती काढलीत, टायरमध्ये हवा भरलीत, आणि मला शेजारी बसवलंत. वळण यायच्या बरंच आधी, रस्ता सरळ असतानाच, ब्रेक. मग ब्रेक सोडून हळूच स्टिअरिंग, एकदम हिसका नाही. पाय ॲक्सिलेटरवर नाही. वळण संपत आल्यावर थोडा थोडा जोर. गाडी वळली. रुळावरून गेल्यासारखी वळली! तुम्ही परत नेलीत, पुन्हा वळवलीत, पुन्हा, पुन्हा. बांधावरचे काका छत्री मिटून उठले आणि म्हणाले, "आज भाजी नाई का, भाऊ?" त्यांचा आवाज जरा पडलेलाच होता.

आता बाईला मनवायचं राहिलं होतं, आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तुमचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. बुधवारी तुम्ही ओसरीवर तिच्यासमोर उभे, हातात किल्ली. माझ्याकडे बघत, पण तिला ऐकू जाईल असं म्हणालात की पोरगी बरोबर म्हणते, वजन मागं नाही, पुढं पाहिजे. पुढच्या सीटवर माणूस बसलं की चाकं माती धरतात.

"मी वजन व्हय का?" आईनं विचारलं.

"नाई. म्हंजे... हाव."

"मंग ढेपीचं पोतं ठेवा पुढं."

तुम्ही किल्ली खिशात घातलीत आणि दुकानात निघून गेलात. मी आईवर चिडले. मला वाटलं, तिला एवढंही समजत नाही का की हा माणूस काय मागतोय. पण गुरुवारी सकाळी काकू येस्टीसाठी हाक मारायला आल्या तेव्हा आई इरकल नेसून, पिशवी घेऊन गाडीच्या पुढच्या सीटवर आधीच बसलेली होती. दार लावून, काच वर करून. तुम्ही दाढी अर्धी सोडून धावलात. त्या वळणाशी तुम्ही गाडी इतकी हळू केलीत की मागून आलेली एक बैलबंडी आपल्याला ओलांडून गेली, आणि बंडीवाल्यानं मागे वळून पाहिलं की आत कोणी आजारी आहे का. आई म्हणाली, "एवढं बी नोका आयकू माह्यं." गिरडच्या टेकडीवर ती डोकं टेकून आली तेव्हा तुम्ही खाली चहावाल्याला, ज्याला सायकलही नव्हती, पुढच्या चाकांची सगळी गोष्ट समजावत होतात. इतके खूश मी तुम्हाला माझ्या लग्नातही पाहिलं नाही. त्यानंतर ती सीट तिचीच झाली. तुम्ही होतात तोवर तिथं दुसरं कुणी बसलं नाही.

तुम्ही गेल्यापासून आई पुढं बसत नाही. माझ्याही नाही, तिच्या भाच्याच्याही नाही, कुणाच्याच गाडीत. मागे डाव्या खिडकीशी बसते. काल गवतातून गाडी बाहेर काढली, खाली उतरून पाहिलं तर पुढचे टायर गुळगुळीत झालेले, आणि मीही वळणातच ब्रेक दाबला होता, म्हणजे शिकले काय आणि केलं काय. टायर उद्या बदलते. पण आत बसायच्या आधी मी मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "आई, पुढं ये. पुढं वजन आलं की चाकं माती धरतील." तिनं चष्मा सारखा करून माझ्याकडे पाहिलं. ती थकली आहे बाबा, डॉक्टर फार काही चांगलं बोलले नाहीत. मग ती हसली. "थे वजनाचं तुह्या बाबाचं सांगून झालं," ती म्हणाली. "थेव्हा बी मले समजलंच होतं. तुह्यं दुसरं काई असंन तं सांग." मला सांगता आलं नाही. मी दार लावलं आणि गाडी घरी आणली.

हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि आईच्या हाती पडू द्यायची माझी छाती नाही, म्हणून फाडूनच टाकणार आहे. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, गाडीतलं तुम्हाला पटकन कळेल. माझी गाडी डिझेलची आहे. इंजिन जड, म्हणून तिच्या पुढच्या चाकांवर वजन आधीच जास्त असतं, आणि आईला पुढं बोलावताना ते मला ठाऊक होतं.