मागच्या दाराचा अडसर

सोमवार, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. दाजींची पाठ आता उतारावर असेल. त्यांना म्हणावं, ओझं उचलताना गुडघ्यातून वाकायचं, कमरेतून नाही. हे मी मागंही सांगितलं होतं, पण कुलूपवाल्या मेहुण्याचं कोण ऐकतं.

इकडे आई बरी आहे. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, उजव्या हातानं जेवते. कशाबद्दल कुरकुर करत नाही, एवढीच काय ती काळजी.

वादळात घराला काय झालं ते तू विचारलंस. आधी काय झालं नाही ते सांगतो. एकाही खिडकीची काच फुटली नाही. प्रत्येक खिडकीच्या फळ्या मी केव्हाच बेतून ठेवल्या आहेत आणि पाठीमागं रंगानं खुणा केल्या आहेत, म्हणजे ऐन वेळी या खिडकीची फळी त्या खिडकीला लावायची धांदल नको. छपराचे पत्रे नुसत्या खिळ्यांवर नाहीत, लोखंडी पट्ट्यांनी तुळयांना आवळलेले आहेत. कुंड्या, बादल्या, कपडे वाळवायची दोरी, मागच्या पायरीवरचं पायपुसणं, जे म्हणून उडेल ते सगळं आत. पाणी भरलेलं, गॅस बंद. मधल्या खोलीला खिडकी नाही, म्हणून तिथं गाद्या भिंतीला लावून बसायची जागा केली. हे मला कुणी शिकवलं नाही. प्रत्येक वादळानंतर घराभोवती फिरून, काय टिकलं आणि काय गेलं ते बघून मी शिकलो.

आई म्हणाली, "बरणीला फडकं बांधावं तसं बांधलंस रे घर. आता आम्ही आत मुरायचं."

स्वयंपाकघरातलं मागचं दार तेवढं वाऱ्याच्या तोंडावर येतं. तिथं मी या वर्षी नवा अडसर बसवला. तो तू पाहिलेला नाहीस. जाड लोखंडी पट्टी, एका टोकाला खिळी. खिळी ओढल्याशिवाय पट्टी हलत नाही आणि ती वर उचलायला दोन्ही हात लागतात. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चोख काम आहे ते. बाहेरून हत्ती लोटला तरी दार उघडणार नाही.

तरी दार उघडलं गेलं. वारा आत शिरला की त्याला बाहेर पडायला वाट लागते, तो छपराला खालून खांदा देतो. स्वयंपाकघरावरचे पत्रे पट्ट्यांसकट गेले. भांड्यांचं कपाट आडवं झालं आणि आईचा हात त्याखाली आला. शेजारच्या शिंपीणकाकूंनी तुला हे कळवलंच आहे. त्या धावत आल्या तेव्हा आईनंच त्यांना सांगितलं, "मी उघडलं. हे आल्यासारखं वाटलं मला." मग डॉक्टरांनाही तेच सांगितलं, की गेलेले बाबा दाराशी आले होते. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की ती खुर्चीत बसते आणि बसूनच राहते. जिचा हात कधी रिकामा पाहिला नाही, ती आता मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघते.

तू विचारलंस, एवढा जड अडसर उचलायचं बळ तिला आलं कुठून? संकटात माणसाच्या अंगात येतं बळ.

तिला तुझ्याकडे नेणार म्हणालीस ते योग्यच आहे. तिच्या खोलीला बाहेरून लागणारी, आतून काही केल्या न उघडणारी कडी करून पाठव म्हणालीस, तीही केली आहे. पितळेची आहे, बसवायचे स्क्रू सोबत बांधले आहेत. दाजींनी बसवताना आधी बारीक भोकं पाडावीत, नाहीतर चौकट चिरेल.

बाकी ठीक.

—

मंगळवार

पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा फोडलं. सकाळी कडीला शेवटचा हात फिरवत होतो. आई चहा घेऊन आली, एका हातानं, हिंदकळू न देता. कडी बघितली. "कुणासाठी?" म्हणाली. तिनं कडी उचलून खालीवर करून पाहिली आणि म्हणाली, "चांगली झाली आहे. आवाज नाही करत." आणि माझ्यासमोर सकाळची गोळी घेतली.

ताई, आता सरळ लिहितो.

बाबांची रीत तुला आठवत असेल. वादळ जरा कमी झालं की ते बाहेर पडायचे, घराभोवती एक फेरी मारून प्रत्येक कडी ओढून बघायचे. परत आल्यावर मागच्या दारावर दोन ठोके, मग थांबून एक. वाराही दार वाजवतो, पण त्याला थांबता येत नाही, म्हणून ही खूण. तेवढ्या खुणेलाच दार उघडायचं. आणि आत यायच्या आधी ते पायपुसण्यावर पाय घासायचे, आधी डावा, मग उजवा, कितीही चिखल असो. आत आले की म्हणायचे, "ठीक आहे." बस, एवढंच.

त्या दिवशी दुपारीच अंधारून आलं होतं. आम्ही दोघं मधल्या खोलीत होतो. घर सगळीकडून कण्हत होतं, पण एकही सांधा सुटत नव्हता. मी ऐकत होतो ना, मला माझ्या घराचा आवाज कळतो. मग मागच्या दारावर दोन ठोके पडले. थांबून एक.

मला वाटलं, फांदी असेल. पण त्या बाजूला झाड नाही. फळी सुटली असेल, तर ती थांबली कशी असती? पुन्हा तसेच ठोके आले. मी आईकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "उघडू नकोस. ते दर वेळी येतात. जातात थोड्या वेळानं."

दर वेळी, ताई. बाबा गेल्यापासून प्रत्येक वादळात मी तिच्या शेजारी बसलो आहे. मला कधी ऐकू आलं नाही आणि ती कधी बोलली नाही.

मी दारापाशी गेलो. नुसता ऐकायला, असं स्वतःला सांगत. तेव्हा पलीकडून पाय घासल्याचा आवाज आला. आधी डावा, मग उजवा. काथ्यावर वाजतं तसं कोरडं, खरखरीत. पायपुसणं मी सकाळीच आत आणलं होतं. ते आईच्या पायाखाली होतं.

खिळी मीच ओढली. दोन्ही हातांनी अडसर मीच उचलला. आई मागून आली, माझा सदरा धरून मला मागं ओढत होती, म्हणून ती कपाटासमोर सापडली.

बाहेर कुणी नव्हतं.

का उघडलं विचारशील. माझी एवढी कुलपं, एवढ्या कड्या, सगळं बाबा गेल्यावरचं; त्यांनी एकीलाही कधी हात लावून पाहिला नाही. मला वाटलं, आत येतील, अडसर एकदा हलवून बघतील, आणि म्हणतील, "ठीक आहे." त्यासाठी मी घराचं छप्पर घालवलं आणि आईचा हात मोडला. शिंपीणकाकू आल्या तेव्हा आईनं माझ्याआधी तोंड उघडलं. मी गप्प राहिलो. तुलाही काल खोटंच लिहिलं. ती माझ्या वाट्याच्या गोळ्या गिळते आहे.

आजच डॉक्टरांकडे जाऊन त्यांना हे सांगणार आहे. तिच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. या घरात दार कधी बंद ठेवायचं हे फक्त तिला कळतं.

आणखी एक वादळ येतंय म्हणतात, या आठवड्याच्या शेवटी. त्याआधी तिला घेऊन जा. चांगली हवेशीर खोली दे, कडीबिडी काही नको. कडी पाठवत नाही.

तू म्हणशील, तूही चल. पुढच्या वेळी मी दार उघडणार नाही, असं तुला लिहून द्यायला आज दोनदा बसलो. लिहिता आलं नाही. आणि घर सोडून आलो, तर ते ठोठावतील तेव्हा आत कोण असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. म्हणून ती पितळेची कडी मी मधल्या खोलीला बाहेरून बसवली आहे. काम नेहमीसारखं चोख झालं आहे. फक्त मी आत बसल्यावर ती लावायला बाहेर माणूस लागतो. शिंपीणकाकूंना विचारीन म्हणतो.

पत्रे नवे घातले आहेत. अडसर पुन्हा जागेवर आहे.

तू येशील तेव्हा पुढच्या दारानं ये. आणि ताई, ठोठावू नकोस. रस्त्यावरूनच मला नावानं हाक मार, मोठ्यांदा, लहानपणी मारायचीस तशी.

वाट बघतो आहे.

तुझा धाकटा