अर्ध्या दिवसाची गादी

तीर्थरूप बाबा,

काल तुम्ही फोनवर "चार दिवस येऊ का?" असं विचारलंत आणि मी कामाचं कारण सांगितलं. तुम्ही तुटकपणे म्हणालात, "बरं साहेबीणबाई, बोलावशील तेव्हा येऊ."

बाबा, तुम्ही गल्लीभर सांगता तो पगार खराच आहे. पण शिक्षणाचं कर्ज फेडून या शहरात मला जेमतेम एक गादी परवडते, तीही अर्धा दिवस. दिवसा तिच्यावर रात्रपाळीची नर्स झोपते, रात्री मी. व्हिडिओवर दिसते ती मोठी खिडकी ऑफिसची आहे. सांगा, तुम्हाला कुठे निजवू?

हे पत्र मिळालं तर तुम्ही लगेच पेन्शन पाठवायला लागाल. त्यापेक्षा रागावलेलेच राहा.

तुमची,
साहेबीण