थोराच्या मणक्यातलं पाणी आणि माझ्या

गिमली, मॅनिटोबा
१९ जानेवारी

तीर्थस्वरूप सोल्वेगताईस,

धाकट्या ह्यालमारचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समज. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला थोराला शेजाऱ्यांना हाक मारावी लागेल, आणि शेजारी थंडी चुकवायला फ्लोरिडात जाऊन पडलेत.) तुझा नवा खुबा काय म्हणतो? पहिल्या खुब्यापेक्षा गुणी निघाला असं कळलं, आनंद झाला. एक्क्याऐंशीव्या वर्षी शरीराचा एक तरी भाग कोरा करकरीत असणं ही साधी गोष्ट नाही. तुमच्या व्हिक्टोरियात म्हणे जानेवारीतही फुलं असतात. इथे उणे एकतीस आहे, तळं चार फूट गोठलंय, आणि त्यावर ट्रक घालून सगळं गाव माशांसाठी बर्फाखाली जाळी टाकतंय. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी गेलेलो नाही. ते का, हेच सांगायला बसलोय. पण सुरुवात ऑक्टोबरपासून करावी लागेल.

थोराला पार्किन्सन होऊन चार वर्षं झाली हे तुला ठाऊकच आहे. उजवा हात हलतो, चाल बारीक झालीय, अक्षर तर असं झालंय की किराण्याची यादी वाचायला दुकानदार भिंग आणतो. तर ऑक्टोबरात विनिपेगच्या एका इस्पितळातून चिठ्ठी आली. मणक्यातलं पाणी आणि रक्त तपासून हा रोग आणि बुद्धीची झीज आधीच ओळखता येते का, याचा अभ्यास चाललाय, त्यात थोरा येईल का? आणि तुलनेसाठी तिच्याच वयाचं एक निरोगी माणूसही हवंय; नवरा चालेल. ताई, 'निरोगी' हा शब्द त्यात छापलेला होता! चौऱ्याहत्तर वर्षांत मला छापील कागदावर कोणी निरोगी म्हटलं नव्हतं. मी त्याच दिवशी सही केली. शेवटी एक चौकोन होता, तुमचे निकाल तुम्हाला कळवावेत का म्हणून. त्यात मी इतक्या जोरात खूण केली की पेन टेबलक्लॉथमध्ये घुसलं.

इस्पितळात आमची मारिलू नावाच्या फिलिपिनो नर्सशी गाठ पडली. बाई उंचीला माझ्या कोपराएवढी, पण हुकूम असे सोडते की मोठ्या बोटीवरचा कप्तान गार पडावा. "कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या, आईच्या पोटात होतात तसे," म्हणाली. (आईच्या पोटात मी नऊ पौंडांचा होतो, आता दोनशे वीस.) थोराचं पाणी दहा मिनिटांत निघालं. हात थरथरत होता, पण पाठ एकदम शांत, आणि सुई आत असताना ती मारिलूला तिच्या मुलांची नावं विचारत होती. मग माझी पाळी. जन्मभर बर्फाखालून जाळी ओढून माझे मणके म्हणे गंजलेल्या बिजागऱ्यांसारखे चिकटलेत. पहिली सुई हाडाला लागली. दुसरीच्या वेळी डाव्या पायात अशी वीज गेली की मी मारिलूच्या ट्रेला लाथ मारली. तिसरीला पाणी आलं. मला वाटलं होतं लालबिल असेल काहीतरी, तर अगदी स्वच्छ, नळाचं असावं तसं. चमचाभर बाटलीत घेऊन तिने माझं नाव चिकटवलं आणि म्हणाली, "आता रडायचं असेल तर रडा, बाकीचे सगळे रडतात." मी रडलो नाही. डोळ्यात पाणी आलं होतं ते वेगळं.

त्यानंतर प्रश्नोत्तरं. नवऱ्याला बायकोबद्दल आणि बायकोला नवऱ्याबद्दल वेगवेगळं विचारतात. मी थोराबद्दल सगळं मोकळेपणानं सांगितलं: वर्षभरात तीन किटल्या जाळल्या, ट्रकची किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली, चर्चला निघालेली बाई भलत्याच रस्त्याला लागली. थोरा माझ्याबद्दल आत काय सांगत होती कोण जाणे, माझी दहा मिनिटं झाली आणि तिची पाऊण तास. मग एका मुलाखतवालीने मला पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाली, आणि घड्याळ काढायला लावलं. मी सगळे आकडे उजव्या बाजूला काढले. डावी बाजू रिकामी का, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, तिकडे वारा लागतो. ती हसली नाही. पाच शब्दांपैकी 'होडी' आठवला. उरलेल्या जागी मी पिकरल, पाईक, व्हाइटफिश असे आपल्या तळ्यातले मासे भरले, कारण होडीबरोबर दुसरं काय येणार? तिने ते लिहून घेतलं. मला वाटलं, खूश झाली.

परतताना आणखी फजिती. मणक्यातलं पाणी काढलं की काहींचं डोकं दुखतं, आणि ते दुखणं असं असतं की आडवं असेपर्यंत तुम्ही राजे, उभे राहिलात की कवटीत कोणीतरी कुऱ्हाड चालवतंय. मला ते पार्किंगमध्येच सुरू झालं. त्यामुळे दोन वर्षं चाकाला हात न लावलेली थोरा ट्रक चालवायला बसली आणि मी मागच्या सीटवर आडवा, छताकडे बघत. तिचा हात स्टिअरिंगवर टकटक वाजत होता. "डावीकडे घे," मी म्हणालो. "ह्यालमार, इथून घरापर्यंत सरळ रस्ता आहे," ती म्हणाली. "तरी डावीकडे घे." "बरं," म्हणाली, आणि सरळ गेली. पुढचे चार दिवस मी पाठीवर पडून होतो आणि थोरा मला सूप भरवत होती. अर्धं तोंडात, अर्धं कानात. पाचव्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं, पण उशीला अजून बार्लीचा वास येतो.

निकाल सांगायला गेल्या मंगळवारी बोलावलं. डॉक्टर फ्रीसन नावाच्या बाई, तरुण, शांत, आणि टेबलावर रुमालांची पेटी आधीच मांडलेली. मी ती थोराकडे सरकवली. डॉक्टरीणबाईंनी आधी थोराचं सांगितलं: पार्किन्सनचं प्रोटीन पाण्यात सापडलं, ते अपेक्षितच होतं. पण स्मरणशक्ती खाणाऱ्या रोगाची एकही खूण नाही, चाचण्याही उत्तम, डोकं लख्ख आहे. मी थोराची पाठ थोपटली. खरं सांगू? मला थोडा रागही आला. मग किटल्या कोणी जाळल्या?

मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, एक प्रोटीन असतं, ते मेंदूत साचायला लागलं की मणक्यातल्या पाण्यात कमी होतं. दुसरं एक असतं, ते याच रोगात वाढतं. "तुमचं पहिलं कमी आहे, दुसरं जास्त आहे, रक्तही तेच सांगतंय, आणि स्मरणाच्या चाचण्यांशी ते जुळतंय. ही अल्झायमरची सुरुवात आहे, मिस्टर ह्यालमार." मी लगेच म्हणालो, बाटल्या बदलल्यात. तुमच्या मारिलूने चिकटवताना घोळ केला. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बदलल्या असत्या तर पार्किन्सनचं प्रोटीन तुमच्या पाण्यातलं ठरलं असतं. हात कोणाचा हलतोय?" मी माझे हात बघितले. ताई, माझे हात अजून असे स्थिर आहेत की सुईत दोरा ओवून दाखवीन. टेबलावर ते दगडासारखे पडले होते. शेजारी थोराचा हात थरथरत होता, आणि तोच पुढे आला आणि माझ्या हातावर येऊन थांबला. म्हणजे थांबला नाही, माझाही हलायला लागला. रुमालांची पेटी मग माझ्याकडे परत आली.

वाटेत थोराने डोनटच्या दुकानाशी ट्रक थांबवला. (हो, आता तीच चालवते. इस्पितळात तिला आधी तासभर बसवून तपासलं, मग परवानगी दिली; माझी किल्ली तिच्याकडे आहे. बर्फावर मी का गेलो नाही याचं उत्तर हेच. गेल्या मार्चात मी जाळ्यांपासून किनाऱ्याकडे निघालो आणि दोन तास तळ्याच्या मध्याकडे चालत राहिलो. गावाला मी सांगितलं, तळ्यावर धुकं होतं. धुकं नव्हतं, ताई. किनारा दिसत होता. तो कोणता किनारा ते कळत नव्हतं.) तिचा कप सांडू नये म्हणून मी धरून ठेवला आणि म्हणालो, "थोरा, त्या तीन किटल्या." ती म्हणाली, "पाच. दोनदा मी तशीच नवी आणून ठेवली, तुला कळू नये म्हणून." आणि तिने माझा डोनट खाल्ला. मी तिला अडवलं नाही.

पुढचं काय, ते डॉक्टरीणबाई गोड शब्दांत सांगतात. औषध आहे, रोग थोडा हळू चालतो, थांबत नाही. घरात आम्ही कामं वाटून घेतलीत. लक्षात ठेवायचं ते तिने, आणि बटणं, झाकणं, बरण्या, सुया मी. दोघं मिळून एक धड माणूस होतं, कधी कधी दीडही होतं. फक्त रोज सकाळी उठल्यावर पहिलं मिनिटभर मला काहीच माहीत नसतं, मग कळतं. ते मिनिट बरं असतं.

तुझ्या खुब्याला आणि मांजराला आशीर्वाद. तुला नमस्कार.

तुझा,
ह्यालमार

ता. क. – आईची विनारतेर्ता केकची कृती असेल तर पाठव. थोराला लाटणं जमत नाही, मी लाटतो, पण थर सात की आठ यावरून आमची रोज भांडणं होतात.

दुसरा ता. क. – खरं काम हे. गेल्या उन्हाळ्यात मी तुला एक कागद पाठवला होता, थोराचं डोकं ठिकाणावर नाही, तिचं नाव वृद्धाश्रमाच्या यादीत घालायचंय, त्यावर घरच्या आणखी एका माणसाची सही हवी म्हणून. तू सही केली नाहीस आणि त्याबद्दल चकार शब्दही काढला नाहीस, हा तुझा मोठेपणा. तो कागद जाळ. त्याच्या जागी यासोबत दुसरा पाठवतोय: वेळ आली की माझ्याबद्दलचे सगळे निर्णय थोरा घेईल, आणि सख्ख्या बहिणीची त्याला हरकत नाही. यावर मात्र लगेच सही कर. पहिल्या कागदाचं थोराला काही माहीत नाही. तिला कधीही सांगू नकोस.

सोल्वेगताई, मी थोरा. चष्मा लाव, माझं अक्षर बारीक आहे. पाकीट बंद करायला त्याने माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. तो जुना कागद घरात शोधत बसू नकोस, तुझ्याकडे तो आलाच नाही. ऑगस्टात मला तो फ्रीझरमध्ये मिळाला, पिकरलच्या पिशव्यांखाली, तुझा पत्ता घातलेला, तिकीट लावलेला. वाचला आणि दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्याला तो टपालात टाकल्याचं अगदी स्पष्ट आठवतंय. डॉक्टरकडे चल म्हटलं असतं तर तो मलाच घेऊन गेला असता. म्हणून इस्पितळात फोन करून मीच विचारलं, तुमच्या अभ्यासात नवरे चालतात का. चिठ्ठी त्यांनी त्यानंतर पाठवली.

त्याला हे कळू देऊ नकोस. आपण कागद पाठवला आणि आपणच मागे घेतला, असं त्याला वाटू दे. नव्या कागदावर सही इथे येऊन कर. फोन करू नकोस. फोनवर तो अजून छान बोलतो, तुला वाटेल आम्ही उगाच घाबरलोय. उन्हाळ्यापर्यंत थांबू नकोस. ये.